चामड्याचं जॅकेट शिवून घेताना: रंग आणि अस्तराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मापाची चामडी जॅकेटं शिवते. ऑर्डर द्यायला आलेला माणूस रंगावर तासभर बोलतो आणि अस्तराचा विषय निघाला की "ते तुम्हीच बघा" म्हणून मोकळा होतो. दुरुस्तीला परत येतं ते मात्र बहुतेक वेळा अस्तरच. खालची उत्तरं कामातून आलेली आहेत, त्यामुळे काही ठिकाणी माझा कल उघड दिसेल.

आधी काय ठरवायचं, रंग की अस्तर?

अस्तर, आणि तेही माप देण्याच्या आधी. हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं, पण हिशेब सोपा आहे. अस्तर ५ मिलिमीटर जाड असेल तर जॅकेटचा आतला घेर साधारण ३ सेंटीमीटरने कमी होतो. पातळ अस्तराच्या अंदाजाने माप घेतलं आणि नंतर "जरा उबदार लावा ना" असं सुचलं, तर चेन छातीवर ओढूनताणून लावावी लागते आणि हात खांद्याच्या वर जाताना अडतो. चामडं नंतर सैल करणं अवघड. कापडावर सुईचं भोक बुजतं, चामड्यावर बुजत नाही. शिवण उसवून सरकवली की जुन्या टाक्यांची रांग कायमची दिसत राहते.

म्हणून जॅकेट कुठल्या हवेत आणि कशावर घालणार ते आधी पक्कं करा. त्यावरून अस्तर ठरेल. मग माप द्या, आणि आत जो शर्ट किंवा स्वेटर घालणार असाल तो अंगात घालूनच द्या. त्यानंतर चामड्याचा प्रकार. रंग सगळ्यात शेवटी, कारण कोणत्या चामड्यावर कोणता रंग नीट बसेल हे चामडंच ठरवतं.

शेड कार्डवर आवडलेला रंग जॅकेटवर वेगळा का दिसतो?

पहिलं कारण उजेड. दोन वस्तू एका दिव्याखाली एकसारख्या दिसतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळ्या दिसू लागतात, याला मेटॅमेरिझम म्हणतात. रंगकामात यावर उपाय म्हणून डी६५ नावाचा प्रमाणित उजेड वापरतात; तो साधारण ६५०० केल्व्हिनचा (केल्व्हिन हे उजेड किती पिवळा किंवा निळसर आहे याचं माप), म्हणजे दिवसाच्या उजेडाजवळ जाणारा. घरातला पिवळा दिवा २७०० केल्व्हिनच्या आसपास असतो. त्याच्याखाली तपकिरी रंग हमखास गोड दिसतात.

हे मी एकदा चांगलंच अनुभवलं आहे. एका ग्राहकाने संध्याकाळी दिव्याखाली कॉफी रंगाचा तुकडा पसंत केला आणि मीही होकार दिला. जॅकेट तयार झालं, तो ते घालून दारात जाऊन उभा राहिला, आणि बाहेरच्या उजेडात त्याच्या खांद्यांवर हिरवट झाक उतरली. चामडं तेच, तुकडाही तोच. तुकडा हातात देऊन त्याला बाहेर पाठवणं माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं. तेव्हापासून संध्याकाळी आलेल्या माणसाकडून मी रंग पक्का करून घेत नाही.

दुसरं कारण आकार. बोटाएवढ्या तुकड्यावर जो रंग शांत वाटतो तोच अख्ख्या पाठीवर पसरला की जास्त उजळ आणि जास्त भडक वाटतो. मरून, टॅन, बॉटल ग्रीन या रंगांत हे ठळकपणे जाणवतं. शंका असेल तर मनातल्या रंगापेक्षा एक छटा गडद घ्या.

निदान वहीच्या पानाएवढा तुकडा मागा. तो खांद्यावर टाकून आरशात बघा: एकदा सकाळी खिडकीशी, थेट उन्हात न धरता, आणि एकदा रात्री घरच्या दिव्याखाली. तो दुमडून बघा, कारण कोपरावर आणि काखेत जॅकेट कायम दुमडलेलंच असतं. मोबाइलवरच्या फोटोवरून रंग पक्का करू नका. प्रत्येक स्क्रीनची आपली वेगळी झाक असते.

पहिलंच जॅकेट आहे. काळा घेऊ की तपकिरी?

रोज घालायचं असेल तर माझं मत गडद तपकिरीकडे झुकतं. ओरखडे, झिजलेल्या कडा, पावसाचे डाग हे सगळं तपकिरी चामडं पोटात घेतं आणि वर्षागणिक अधिक देखणं होत जातं. काळा रंग जास्त नेटका, जास्त औपचारिक. पण त्यावर धूळ आणि कापडाचे तंतू चटकन दिसतात, आणि काळं फिनिश सोललं की फिकी रेघ डोळ्यांत भरते. कपाट उघडून बघा. तुमच्या पॅंटी आणि बूट जास्त करून काळे-करडे असतील तर काळा घ्या. निळी जीन्स, खाकी, ऑलिव्ह असं असेल तर तपकिरी.

काळा तो काळाच ना?

नाही. एखाद्या काळ्यात निळी झाक असते, एखाद्यात तपकिरी, एखाद्यात हिरवट. तुकडा कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून दिवसाच्या उजेडात बघितला की झाक वर येते. शेजारी दुसरा काळा तुकडा ठेवा, फरक आणखी स्पष्ट होईल. चकाकीही बघून घ्या: तोच काळा मॅटमध्ये करडा वाटतो आणि चकचकीत फिनिशमध्ये दाट.

ॲनिलिन, सेमी-ॲनिलिन, पिगमेंट म्हणजे नक्की काय?

रंग चामड्याच्या आत मुरला आहे की वर थर होऊन बसला आहे, याची ही नावं. विल्यम हेन्री पर्किन यांनी १८५६ मध्ये पहिला कृत्रिम रंग बनवला आणि तिथून ॲनिलिन रंगांचं युग सुरू झालं. आज चामड्याच्या बाजारात हा शब्द एवढंच सांगतो की रंग पारदर्शक आहे आणि चामड्याचा स्वतःचा पोत झाकलेला नाही.

ॲनिलिन चामड्यात रोमछिद्रं दिसतात, शिरांच्या रेषा दिसतात, जनावराच्या अंगावरच्या जुन्या ओरखड्याची खूणही दिसते. हाताला ते ऊबदार आणि जिवंत लागतं. पण पाण्याचा थेंब पडला की तो आत शिरतो, आणि उन्हाने रंग लवकर विटतो. पिगमेंट चामड्यावर रंगाचा अपारदर्शक थर असतो. सगळीकडे एकसारखा रंग, डाग पुसायला सोपा, उन्हाला टिकाऊ. स्पर्श मात्र थोडा प्लॅस्टिककडे जाणारा. सेमी-ॲनिलिन या दोन्हींच्या मधलं: आत मुरलेला रंग आणि वर पातळ संरक्षक थर.

ओळखायचं कसं? तुकड्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि मिनिटभर थांबा. खालची जागा गडद झाली तर पृष्ठभाग उघडा आहे. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर वर थर आहे किंवा मेण चोळलेलं आहे.

रोज बाहेर, पावसापाण्यात वापरणार असाल तर सेमी-ॲनिलिन घ्या. खऱ्या ॲनिलिनवर माझा जीव आहे, पण ते जपणाऱ्या माणसालाच द्यावं असं मला वाटतं.

चामडं कसं कमावलं आहे याचा रंगाशी संबंध असतो का?

असतो. झाडाच्या सालींतल्या टॅनिनने कमावलेल्या चामड्याचा मूळ रंगच बदामी-तपकिरी असतो. त्यावर तपकिरीच्या छटा सुंदर बसतात, पण फिकट निळा किंवा स्वच्छ पांढरा आणणं कठीण, शिवाय ऊन लागेल तसं ते गडद होत जातं. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं सुरुवातीला फिकट निळसर असतं आणि त्यावर जवळपास कोणताही रंग चढतो. ते मऊ आणि हलकंही राहतं. जॅकेटांसाठी बहुतेक वेळा हेच वापरलं जातं.

वरून काळं आणि आतून तपकिरी असं चामडं दाखवलं. यात फसवणूक आहे का?

अजिबात नाही. हे मुद्दाम करतात. चामडं आधी तपकिरी रंगवून वर काळा थर देतात. कोपर, खिशाच्या कडा, चेनच्या बाजूची पट्टी इथला काळा रंग वापराने झिजतो आणि खालचा तपकिरी वर येतो. इंग्रजीत याला टी-कोअर म्हणतात. झीज म्हणजे बिघाड असं वाटणाऱ्या माणसाने हे घेऊ नये. त्याच्यासाठी आरपार काळं रंगवलेलं चामडं असतं. तुकड्याची कापलेली कड बघा, आत कोणता रंग आहे ते तिथे लगेच कळतं.

रंग अंगाला किंवा शर्टाला लागेल का?

लागू शकतो, विशेषतः गडद स्वेड (मखमलीसारखी लव असलेलं चामडं), गडद लाल आणि नेव्ही ब्ल्यू यांचा. ऑर्डर देण्याआधी पांढरं सुती फडकं घेऊन तुकड्यावर दहा-वीस वेळा घासा. आधी कोरडं, मग किंचित ओलं. कोरड्या फडक्यावर जरासा रंग येणं स्वेडच्या बाबतीत सामान्य आहे, कारण घासून लव उठवताना उरलेली भुकटी सुरुवातीला निघते. ओल्या फडक्यावर भरपूर रंग आला तर ती शेड सोडा. मान आणि मनगट इथे चामडं थेट कातडीला लागतं आणि घाम असतोच, त्यामुळे परीक्षा तिथेच होते. गडद रंगाच्या अस्तराचीही अशीच परीक्षा घ्या. पांढऱ्या शर्टाची काख निळी करणारं चामडं मी कमी आणि अस्तर जास्त पाहिलं आहे.

पांढरं किंवा फिकट रंगाचं जॅकेट करावं का?

दुसरं किंवा तिसरं जॅकेट म्हणून जरूर. मानेची आणि मनगटाची कड मळणार, कोऱ्या जीन्सचा निळा रंग त्यावर उतरणार, हे धरून चाला. फिकट रंगात पिगमेंट फिनिश घ्या, म्हणजे निदान पुसता येईल. आणखी एक: तेल किंवा कंडिशनर लावल्यावर फिका टॅन एक-दोन छटा गडद होतो आणि सहसा परत मागे येत नाही. आधी आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी लावून बघा.

नंतर रंग बदलून मिळेल का?

गडद करता येतो, फिका करता येत नाही. पॉलिस्टरचा दोरा नवा रंग पकडत नाही, त्यामुळे जुन्या रंगाचे टाके उठून दिसतात. रंग बदलायच्या भरवशावर ऑर्डर देऊ नका.

एकाच जॅकेटच्या बाह्या आणि पाठ वेगळ्या छटेच्या कशा होतात?

मेंढीचं एक कातडं साधारण ५ ते ७ चौरस फुटांचं असतं आणि एका जॅकेटला कापताना वाया जाणारं धरून सहज ४० चौरस फूट लागतं. म्हणजे सहा-आठ जनावरांची कातडी एकत्र येतात, आणि प्रत्येक कातडं रंग आपल्यापरीने शोषतं. चांगला कारागीर कापण्याआधी सगळी कातडी उजेडात पसरतो, छटेप्रमाणे जोड्या लावतो, समोरचे दोन भाग एकाच कातड्यातून काढतो आणि थोडा वेगळा पडणारा तुकडा बाहीच्या आतल्या बाजूला वळवतो. एवढं मात्र विचारून घ्या की सगळी कातडी एकाच वेळी रंगवलेल्या लॉटमधली आहेत का. अर्धी एका लॉटची आणि अर्धी दुसऱ्या लॉटची असतील तर कितीही जोड्या लावल्या तरी फरक लपत नाही.

चेन आणि दोऱ्याचा रंग कसा ठरवायचा?

काळ्यावर निकेलची चेन उठून दिसते आणि गनमेटल, म्हणजे गडद करड्या रंगाची, दबून जाते. तपकिरीवर जुनं पितळ शोभतं. दोरा चामड्यापेक्षा किंचित गडद घेतला की टाका शांत बसतो. वेगळ्या रंगाचा दोरा हवा असेल तर कारागिराचं आधीचं काम बघून घ्या, कारण पांढऱ्या दोऱ्यात प्रत्येक वाकडा टाका मोजता येतो.

अस्तर नसलं तर चालतं का?

हलक्या, हवेशीर जॅकेटात चालतं, पण चामड्याची आतली बाजू त्यासाठी नीट घासून साफ केलेली हवी. एरवी आतल्या बाजूची लव शर्टाला चिकटते, बाही घालताना हात अडतो, आणि घाम थेट चामड्यात मुरतो. घामातल्या क्षारांनी चामडं पुढे कडक होत जातं. घाम आणि चामडं यांच्यामध्ये उभं राहणं हे अस्तराचं मोठं काम आहे, आणि बाहेरून ते कुणालाच दिसत नाही.

अस्तरासाठी कोणतं कापड घेऊ?

पॉलिस्टर सगळ्यात जास्त वापरलं जातं. मजबूत, रंगाला पक्कं, सहज मिळणारं. पण ते घाम शोषत नाही आणि कोरड्या हवेत कपड्यांना चिकटून चटचट करतं. गरम हवेत पॉलिस्टर अस्तराचं जॅकेट दहा मिनिटांत नकोसं होतं.

व्हिस्कोस झाडाच्या लगद्यापासून बनतं. सुळसुळीत असतं आणि घाम शोषतं. ओलं झालं की मात्र त्याची ताकद बरीच कमी होते. त्यामुळे काखेत भिजलेलं अस्तर घाईने ओढलं तर तिथेच उसवतं. क्युप्रो कापसाच्या सरकीवरच्या बारीक तंतूंपासून करतात. रेशमासारखा स्पर्श, हवा खेळती राहते, चिकटत नाही. हाताशी असेल आणि परवडत असेल तर मी क्युप्रो सुचवते. ॲसिटेट दिसायला छान असतं, पण ॲसिटोनमध्ये ते विरघळतं. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा एक थेंब पडला की भोक.

रेशीम हवंहवंसं वाटतं, ते साहजिक आहे. अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने १९३१ मध्ये स्वीकारलेल्या ए-२ जॅकेटच्या मूळ नमुन्यात रेशमी अस्तर होतं. पुढे त्याची जागा सुती कापडाने घेतली. घाम आणि सततचं घासणं रेशमाला मानवत नाही. कधीमधी घालायच्या जॅकेटाला ते द्या.

जाड विणीचं सुती ट्विल टिकाऊ आणि अंगाला प्रेमळ. फ्लॅनेल थंडीत उत्तम. ही दोन्ही कापडं धडाला लावा, बाहीला नको.

बाहीला वेगळं अस्तर का लावतात?

माझ्या स्वतःच्या पहिल्या जॅकेटला मी हौसेने बाहीसकट चेक्सचं फ्लॅनेल लावलं होतं. स्वेटरवर घालायला गेले की स्वेटरची बाही गोळा होऊन कोपरापर्यंत वर जायची. मग दुसऱ्या हाताने मनगटातून ती खेचून खाली आणायची. काढताना बाही अस्तरासकट उलटी बाहेर यायची. एक हिवाळा तसा काढला आणि बाह्या उसवून आत सुळसुळीत व्हिस्कोस लावलं. धडाला सुती किंवा फ्लॅनेल आणि बाहीला सुळसुळीत कापड, ही जोडी जुनी आणि खात्रीची आहे. बाहीला ऊब हवी असेल तर आत पातळ भरण घालून वरचं कापड सुळसुळीतच ठेवतात.

थंडीसाठी क्विल्टेड अस्तर बरं की सुटं होणारं?

क्विल्टेड म्हणजे दोन कापडांत भरण घालून गोधडीसारखे टाके मारलेलं अस्तर. भरणाचं वजन ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये सांगतात. धडाला १०० आणि बाह्यांना ६० ही मिळणी चांगली चालते. बाह्यांत जास्त भरलं की कोपर वाकवताना त्रास होतो.

वर्षातले बरेच महिने हवा कोमट असेल तर चेनने सुटं होणारं बिनबाह्यांचं अस्तर घ्या. त्याखाली पातळ कायमचं अस्तर हवंच. सुटं अस्तर काढल्यावर जॅकेट थोडं सैल वाटणार, हे आधीच मान्य करा. शिअरलिंगला, म्हणजे लोकर अंगावर ठेवून कमावलेल्या मेंढीच्या कातड्याला, वेगळं अस्तर लागत नाही. लोकर हेच त्याचं अस्तर.

मोटरसायकलवर घालायचं आहे. काही वेगळं?

बरंच वेगळं. खांदे, कोपर आणि पाठ इथे संरक्षक पॅड बसवायचे खिसे अस्तरात आधीपासून शिवावे लागतात. पॅडवर ईएन १६२१ (अशा पॅडांचं युरोपीय मानक) ही खूण आहे का बघा. हवा खेळावी म्हणून जाळीचं अस्तर घ्या. चामडं १.१ ते १.४ मिलिमीटर जाडीचं हवं. फॅशनच्या जॅकेटांतलं ०.६ ते ०.८ मिलिमीटरचं मेंढीचं चामडं रस्त्यावर घासलं गेलं तर तग धरणार नाही. माप देताना उभं राहू नका, हँडल धरल्यासारखं बसून द्या.

अस्तराचा रंग चामड्याशी जुळवू की वेगळा घेऊ?

इथे मनासारखं करा. बाहेरून शांत, आतून भडक असं जॅकेट उघडताना जो रंग क्षणभर दिसतो त्यात मजा आहे. एमए-१ या वैमानिकांच्या नायलॉन जॅकेटला १९६० च्या सुमारास भडक नारिंगी अस्तर आलं. विमान पडलं तर जॅकेट उलटं घालून शोधपथकाला दिसावं, हा त्यामागचा हेतू. आज ती जोडी केवळ छान दिसते म्हणून घेतली जाते.

काही गोष्टी मात्र धरून ठेवा. काखेत आणि मानेखाली फिक्या सॅटिनवर घामाचे पिवळट डाग पडतात, म्हणून तिथे मध्यम किंवा गडद रंग बरा. फिक्या, पातळ चामड्याखाली भडक अस्तर असेल तर शिवणींजवळ त्याची झाक डोकावू शकते. छापील नक्षीचं कापड असेल तर पाठीच्या मधोमध नक्षी कुठे येणार ते कापण्यापूर्वी विचारा. बाहीचं अस्तर मनगटाशी डोकावतं, त्यामुळे तिथे चामड्याच्या जवळचा रंग मला जास्त आवडतो.

तयार जॅकेट हातात आल्यावर अस्तरात काय बघू?

जॅकेट उलटं करा. पाठीच्या मधोमध वरपासून एक सैल चुणी सोडलेली असली पाहिजे. वापराने चामडं ताणतं, अस्तर ताणत नाही. ही चुणी नसेल तर हात पुढे केला की काखेतली शिवण फाटते. खाली कडेशी अस्तर थोडं लोंबतं हवं, ताठ ओढलेलं नको. समोरच्या चेनलगत आतून चामड्याची पट्टी असावी, म्हणजे चेनमध्ये कापड अडकत नाही. खिशांत हात घाला: खिशाची पिशवी पातळ सॅटिनची असेल तर किल्ल्या ती लवकरच फाडतील. तिथे घट्ट सुती कापड मागून घ्या.

अस्तर किती वर्षं टिकतं? फाटलं तर?

चामड्याच्या आधी अस्तर जाणारच, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. काखा, मानेची मागची बाजू आणि खिशाचं तोंड इथून सुरुवात होते. तिथवरच असेल तर तेवढाच तुकडा बदलता येतो. सगळंच विरलं असेल तर जुनं अस्तर उसवून, त्याचाच कागदी नमुना काढून नवं बसवतात. यासाठी रुंद पन्ह्याचं साधारण २ मीटर कापड लागतं. जॅकेट शिवतानाच अर्धा मीटर जास्तीचं कापड मागून घ्या आणि कपाटात ठेवा. पाच वर्षांनी तीच नक्षी, तीच शेड बाजारात मिळेल याची खात्री नसते.

ऑर्डर पक्की करताना कागदावर काय लिहून घेऊ?

चामड्याचा प्रकार, जाडी, फिनिश, धडाचं आणि बाहीचं अस्तर वेगवेगळं, भरणाचं वजन, दोरा आणि चेनचा रंग. पसंत केलेल्या चामड्याच्या तुकड्याचे दोन भाग करा, दोन्हींवर मागून तारीख घालून सही करा. एक कारागिराकडे ठेवा, एक स्वतःजवळ. अस्तराच्या कापडाचंही तसंच. जॅकेट घ्यायला जाल त्या दिवशी तो तुकडा खिशात असू द्या, आणि शक्यतो ऊन असताना जा.